आमसुलांच्या पिशवीतील पासबुक

गेल्या अंकानंतर सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात, ‘आपण या पानावर शास्त्री-सोनवीच्या पुराविषयी लिहिता, नावडीच्या बाजारपेठेविषयी लिहिता, कसब्याच्या कर्णेश्वर मंदिराविषयी लिहिता. पण आयुष्याची एकतीस वर्षे ज्या बँकेत काढलीत, तेथील एकही प्रसंग कसा येत नाही? तेथे तर माणसांचा केवढा खजिना असेल!’ यापूर्वीही दोघातिघांनी हेच विचारले होते आणि मी हसून विषय बदलला होता. या वेळी उत्तर देतो.

खजिना आहे, हे खरे. संगमेश्वरसारख्या लहान गावी रोखपालाच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला जे दिसते, ते गावच्या वैद्यालाही दिसत नाही. कोणाचे सोने तारण पडले, कोणत्या चाकरमान्याचे मुंबईहून येणारे पैसे तीन महिन्यांपासून थांबले, वरून भाऊ-भाऊ असलेल्यांनी संयुक्त खाते कधी बंद केले, हे सर्व त्याला न विचारता कळते. लिहिणाऱ्याच्या हाताला अशा वेळी कंड सुटते. मलाही सुटली होती.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दिवाळी अंकासाठी मी एक व्यक्तिचित्र लिहिले. एक वयस्क बाई महिन्या-दोन महिन्यांनी बँकेत येत. बाजाराला आल्याचे निमित्त असे. हातातील आमसुलांच्या पिशवीच्या तळाशी, कागदात गुंडाळलेले पासबुक असे. माहेरी परतलेल्या लेकीसाठी त्या घरच्यांच्या नकळत थोडे थोडे पैसे साठवीत होत्या. पुरेसे साठले की त्यांची मुदत ठेव करीत आणि पावती मात्र घरी नेत नसत, शेजारणीकडे ठेवीत. पासबुक उघडले की आमसुलांचा वास येई. शिक्का मारताना मला त्या वासाची इतकी सवय झाली होती की, लेखाची पहिली ओळ तिथूनच सुचली. नाव लिहिले नव्हते. गाव बदलले होते. लेख सर्वांना आवडला, दोन-चार जणांनी रस्त्यात थांबवून कौतुक केले. मीही सुखावलो.

पुढच्या महिन्यात त्या आल्या त्या पिशवीशिवाय. बरोबर मुलगा होता. ठेव मुदतीपूर्वी मोडायची होती. कागदपत्रे पुरी होईपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. निघताना एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही लिहिलेले आमच्याकडे मोठ्याने वाचून दाखवले.’’ स्वर रागाचा नव्हता, आणि त्यामुळे मला उत्तर सुचले नाही. पुन्हा त्या शाखेत आल्या नाहीत.

नाव गाळले म्हणजे माणूस झाकला, ही मोठ्या शहराची समजूत आहे. जेथे बाजारपेठ एका दमात चालून संपते, तेथे पिशवी पुरेशी असते.

नोकरीला लागताना प्रत्येक बँक कर्मचारी निष्ठा व गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र लिहून देतो. मीही दिले होते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातही ग्राहकाचे व्यवहार गुप्त राखण्याचे बंधन आहे. या बंधनामागे इंग्लंडमधील एक जुना खटला नेहमी सांगितला जातो. टूर्निए नावाच्या खातेदाराने कर्ज थकविले, तेव्हा शाखा व्यवस्थापकाने त्याच्या मालकाला दूरध्वनी केला आणि हा माणूस पैजा लावत असावा, असेही बोलून दाखविले. टूर्निएची नोकरी गेली. तेथील अपील न्यायालयाने ठरविले की, खातेदाराविषयी जे कळले ते बाहेर न सांगणे हे बँकेचे बंधन आहे, आणि ते केवळ शिष्टाचाराचे नसून कराराचे आहे. नोकरीत बढतीच्या परीक्षेसाठी हा खटला मी तोंडपाठ केला होता. लेख लिहिताना तो आठवला नाही. कारण मी एकही आकडा लिहिला नव्हता ना!

आठवायला हवे होते ते खरे तर याहूनही जुने. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटा उपदेश आहे, खोटा दस्तऐवज लिहिणे आहे, दुसऱ्याची ठेव बुडविणे आहे. हे समजण्यासारखे आहे. पण ‘रहोभ्याख्यान’, म्हणजे दुसऱ्यांचे एकांतातले उघड करणे, आणि ‘साकारमंत्रभेद’, म्हणजे चेहऱ्यावरून व हालचालींवरून ओळखलेला दुसऱ्याचा मनोदय बाहेर फोडणे, हेही त्याच पाचांत आहेत. लहानपणी पाठशाळेत मला प्रश्न पडे की, खरे सांगितले तर सत्यव्रताला बाधा कशी येईल? त्या बाईंनी ते वाक्य उच्चारले तेव्हा उत्तर कळले. त्यांचे रुपये मी व्याजासह परत केले होते. त्यांनी माझ्याकडे ठेवलेली दुसरी ठेव मात्र मी छापून टाकली होती.

मग लिहिणाऱ्याने लिहायचे तरी काय? दिवसाचे आठ तास ज्यात जातात तेच वगळले, तर लेखन बेचव होणार नाही का? पत्रलेखिकेची खरी शंका हीच असावी.

आपल्याच कोकणचे एक उदाहरण पाहू. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात, म्हणजे ‘यूसिस’मध्ये, नोकरीला होते. ‘ललित’ मासिक १९६४ मध्ये निघाले, आणि त्यात ‘घटका गेली पळे गेली’ हे सदर ते ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहू लागले. सुमारे वीस वर्षे लोक अंक हाती आला की आधी ते पान उघडीत. परदेशी सरकारच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखे काही नव्हते असे कोण म्हणेल? पण सदराचा विषय कचेरी नव्हता. मराठी लेखकांचे मानपान, रुसवेफुगवे, संमेलनांची गडबड हा होता. जे लोक स्वतःहून चव्हाट्यावर आले होते, त्यांच्या चव्हाट्यावरच्या वागण्याची ती थट्टा होती. या ठणठणपाळाला चेहरा दिला वसंत सरवटे यांनी. तेही पेशाने स्थापत्य अभियंते. एका सिमेंट कंपनीत नोकरी करीत. दोघांनीही दिवसा पगाराचे काम केले आणि उरलेल्या वेळी महाराष्ट्राला हसविले. टोपणनाव हे काही कवच नव्हे, ते गळून पडतेच. टिकली ती त्यांची विषयाची निवड.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. जौनपूरला १५८६ मध्ये जन्मलेले, व्यापारी घराण्यातले कवी बनारसीदास यांनी पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही अर्धी कहाणी. त्यात त्यांनी सांगू नयेत अशा नऊ गोष्टींची यादी दिली आहे : आपले वय, आपले धन, घरातल्या गोष्टी, केलेले दान, मिळालेला मान, झालेला अपमान, औषध, शय्यासुख आणि आपला मंत्र. गंमत अशी की, यातल्या कित्येक त्यांनी स्वतःबद्दल सांगूनच टाकल्या आहेत. आग्र्यात व्यापार बुडाल्यावर कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवले, आणि हिशेब चौदा रुपयांचा झाला. तारुण्यात शृंगारकाव्य रचले आणि पुढे पश्चात्तापाने ते गोमतीत फेकून दिले. चारशे वर्षांनी आपण पान उलटतो ते या फजितीसाठी. ग्रंथात तेजी-मंदीचा तपशील भरपूर आहे. लक्षात राहते ती कचोरी.

मला यातून माझ्यापुरती वाट सापडली. बँकेतली एक गोष्ट मी निःसंकोचपणे सांगू शकतो. एका मार्चअखेरीस शंभर रुपये कमी भरले. रात्री नऊपर्यंत सहा माणसे माझ्यासाठी खोळंबली, शिपायाने टेबलाखालचा केरही चाळला. नोट निघाली माझ्याच डायरीत. कवितेची ओळ टिपताना मी ती खूण म्हणून घातली होती. ही नाचक्की माझी आहे, ती खर्च करण्याचा अधिकार मला आहे. तशीच सकाळी शाखेपर्यंतची वाट माझी आहे, पुराचे पाणी ओसरल्यावर दुकानांच्या भिंतींवर उरणारी चिखलाची रेषा माझी आहे. खिडकीच्या या बाजूचे सारे माझे. त्या बाजूचे नाही, मग ते कितीही सुरस असो.

वाचक विचारतील, मग त्या बाईंची कथा आज पुन्हा कशी लिहिलीत? त्या जाऊन बरीच वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी क्षमापनेच्या दिवशी मी त्यांच्या लेकीकडे गेलो. झाले ते सांगितले, क्षमा मागितली. त्यांना सर्व माहीत होते. त्या पैशांचे पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले. ते मी येथे लिहिणार नाही. चहा घेऊन निघताना मी विचारले की, हा प्रसंग माझी चूक म्हणून कधी लिहिला तर चालेल का? त्यांनी थोडा विचार केला आणि लिहून झाल्यावर आधी आपल्याला दाखवावा, असे सांगितले. त्याप्रमाणे हा मजकूर त्यांनी वाचला आहे. दोन ठिकाणी त्यांनी बदल सुचविले, ते केले आहेत.

एक बदल मी आपण होऊन केला. त्या पिशवीत आमसुले नसत.

पुढील महिन्यात भिंतींवरच्या त्या चिखलाच्या रेषांविषयी लिहीन.