नवा खोत 'जय भीम' म्हणत येतो

सदरच्या कुठल्याही टपरीवर घटकाभर उभे राहा. बगलेत फायली, खिशात दोन मोबाईल आणि तोंडात एकच वाक्य : "भाऊ, लोनचं टेन्शन घेऊ नका, मी आहो ना!" हा कर्जाचा दलाल. तो आपलंच पोट्टं हेरतो. काहून? तर त्याला ठाऊक असतं, सात पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या नावाचं घर घेतंय. याच्या बापानं बँकेत फक्त सही नाहीतर अंगठा दिला. काचेच्या दारामागं बसलेल्या साहेबाला प्रश्न विचारायची सवय या घराला नाही. ती भीती हेच दलालाचं भांडवल.

कोकणात खोत होता. सरकार आणि कुळाच्या मधे बसून तो दोघांच्या नावानं खायचा. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आज खोताचं धोतर गेलं, टाय आला. आणि कधी कधी हा नवा खोत आपल्याच वस्तीतला असतो, 'जय भीम' घालून घरात शिरतो. म्हणून काय त्याला सोडायचं?

त्याचा धंदा समजून घ्या. कर्ज मिळवून दिलं की बँक त्याला कमिशन देते. कर्ज जितकं मोठं तितका त्याचा वाटा मोठा. हप्ता तुम्ही कसा फेडाल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २० लाख, ९ टक्के, २० वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे १८ हजार. एकूण भरणा ४३ लाखांच्या वर. हा हिशेब तो कधी मांडत नाही. वर 'फाईल चार्ज' रोख मागतो, पावती नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या, कोरे चेक मागतो. मंजुरी पक्की म्हणून तुम्हाला बयाणा द्यायला लावतो. पुढं कर्ज नामंजूर होतं, बयाणा बुडतो, याचा फोन बंद!

सबसिडीचं गाजरही आहे. २.६७ लाखांची जुनी योजना मार्च २०२२ मध्येच संपली, तरी तो आकडा अजून ऐकवला जातो. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नव्या योजनेत जास्तीत जास्त १.८० लाख आहेत, तेही पाच वार्षिक हप्त्यांत आणि अटींवर.

मी कोरड्या गोदीत कंटेनर खाली करतो. मॅट्रिक शिकलेला हमाल. पण सील नंबर जुळल्याशिवाय आम्ही कंटेनरला हात लावत नाही. मग वीस वर्षांच्या मजुरीचा कागद न वाचता सही कशी?

कायदा आंधळा असेल, पण मुका नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेनं व्याज, फी, सगळा खर्च एका पत्रकात, तुम्हाला समजेल त्या भाषेत द्यायचा आहे. मराठीत मागा. बिल्डरचा फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. प्लॉट असेल तर सुधार प्रन्यासचं आर.एल. आधी पाहा, सदरचं हापीस काही चंद्रावर नाही. दलाल बँकेचा माणूस म्हणून आला, तर त्याच्या करणीची जबाबदारी बँकेची. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फुकट आहे.

पण एकट्यानं गेलं की माणूस चेपतो. म्हणून मी चळवळीला विचारतो : आपण फलक लावतो, मिरवणुका काढतो, मग विहाराच्या हॉलमध्ये रविवारी तासभर कागद वाचायला कोण बसवणार? शिकलेली पोरं आहेत, बँकेत नोकरी करणारी आहेत. त्यांनी यावं. ज्याला सही करायची, त्यानं आधी चारचौघांत कागद वाचावा.

संविधान चौकात बाबासाहेब उभे आहेत आणि समोर रिझर्व्ह बँकेची इमारत. त्या माणसानं १९२३ साली रुपयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या लेकरांनी व्याजाचा तक्ता वाचायला घाबरायचं? दलालाला शिव्या घालून भागणार नाही. त्याची गरजच संपवा.