शिडी का घसरते?



रंगारी, वायरमन, गवंडी आपल्या वस्तीत घरोघरी आहेत. कुणी शिडीवरून पडतो, हात मोडतो, महिना-दोन महिने रोजगार बुडतो. चारचौघे म्हणतात, ‘नशिबात होतं!’ आपण तर भगवान बुद्धांच्या धम्माचे उपासक. कारणावाचून कार्य घडत नाही, ही आपली शिकवण. मग शिडी घसरण्याचे कारण आपणच शोधू या. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात असली गणिते येतात आणि पुष्कळ मुले ती भिऊन सोडून देतात. भिण्यासारखे त्यात काही नाही.

आधी एक शब्द समजून घ्या : आघूर्ण. दार कडीजवळ ढकलले की सहज फिरते. बिजागरीजवळ ढकलले की जोर लावावा लागतो. फिरवण्याची ही ताकद म्हणजे आघूर्ण. बल गुणिले त्या बलाच्या रेषेचे फिरण्याच्या बिंदूपासूनचे लंब अंतर, एवढाच त्याचा हिशेब.

आता गणित. ५ मीटर लांबीची, २० किलोची शिडी भिंतीला टेकली आहे. तिचा पाय भिंतीपासून ३ मीटर दूर आहे, म्हणजे वरचे टोक ४ मीटर उंचीवर आले. ६० किलो वजनाचा कामगार वर चढतो आहे. भिंत गुळगुळीत आहे असे धरू.

कागदावर फक्त शिडीची तिरपी रेघ काढा. भिंत नको, माणूसही नको. शिडीवर जी बले लागतात, त्यांचेच बाण काढा. मध्यावर शिडीचे वजन २०, खाली. कामगार उभा असेल तिथे ६०, खाली. पायाशी जमिनीचा रेटा, वर. वरच्या टोकाशी भिंतीचा रेटा, आडवा. पायाशीच घर्षण, भिंतीच्या दिशेने. पाच बाण झाले. एक विसरला की गणित चुकले.

शिडी स्थिर असेल तर तीन गोष्टी खऱ्या असतात. वरची व खालची बले सारखी, म्हणून जमिनीचा रेटा ८० किलो. आडवी बलेही सारखी, म्हणून घर्षण भिंतीच्या रेट्याएवढे. आणि कोणत्याही बिंदूभोवती दोन्ही बाजूंची आघूर्णे सारखी.

बिंदू कोणता घ्यावा? शिडीचा पाय घ्या. तिथल्या दोन्ही बलांचे अंतर शून्य, म्हणून ती हिशेबातून आपोआप गळतात. कामगार अगदी वर पोहोचला असता :

भिंतीचा रेटा × ४ = २० × १.५ + ६० × ३ = २१०

म्हणजे रेटा ५२.५ किलो. तेवढेच घर्षण पायाशी हवे. जमिनीचा घर्षणांक ०.५ असेल तर घर्षण जास्तीत जास्त ८० च्या निम्मे, ४० किलोच मिळते. शिडी घसरणार! कामगार मध्यावर असताना मात्र ३० किलोच लागतात. म्हणून खाली पक्की वाटलेली शिडी वर गेल्यावर दगा देते. हिशेब केला तर साधारण ३.६ मीटर चढल्यावर ती सुटते.

उपाय काय? पाय भिंतीपासून १.४ मीटरवर आणा. आता टोक ४.८ मीटर उंच जाते :

रेटा × ४.८ = २० × ०.७ + ६० × १.४ = ९८

रेटा जेमतेम २०.४ किलो. तीच शिडी, तोच माणूस, तीच जमीन; पण आता धोका टळला. चार मीटर उंचीला पाय सुमारे एक मीटर दूर, हा कामावरचा नियम यातूनच येतो.

जागेअभावी पाय दूरच ठेवावा लागला तर? ६० किलोच्या सोबत्याला खालच्या पायरीवर उभे करा. पायापासून त्याचे अंतर जवळजवळ शून्य, म्हणून भिंतीचा रेटा वाढत नाही. जमिनीवरचा भार मात्र १४० किलो होतो आणि घर्षण ७० किलोपर्यंत मिळते. सोबत्याने मध्येच उतरायचे नाही, हे मात्र त्याला बजावून सांगा. जमीन ओली, तेलकट असेल तर घर्षणांकच घटतो. ती आधी पुसून घ्या.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. कामगाराच्या जिवाची किंमत त्यांनी ओळखली होती. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्यांनी वहीतले हे गणित आज रात्री वडिलांना, भावाला समजावून सांगावे. परीक्षेत गुण मिळतीलच. घरचा माणूस संध्याकाळी धडधाकट परतेल, हे त्याहून मोठे.

गृहपाठ : २ मीटर लांबीच्या बांबूला ४० किलोचे ओझे टांगून बाप-लेक दोन टोकांनी ते नेतात. ओझे बापापासून अर्ध्या मीटरवर आहे. बांबूचे वजन धरू नका. कुणाच्या खांद्यावर किती भार? बाण काढूनच सोडवा. उत्तर पुढील अंकी.