खुणेची चिठ्ठी

म्हैसूरच्या सहलीचा कार्यक्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. राजवाडा, प्राणिसंग्रहालय, वृंदावन उद्यान आणि मोटारीने चामुंडी टेकडी. मोठ्यांचे बघून होते, मुले कंटाळतात आणि आजी-आजोबा गाडीतच बसून राहतात. या सगळ्यांना एकाच वाटेवर आणणारा एक जुना छंद आहे. त्याचे नाव लेटरबॉक्सिंग.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उजाड, दलदलीचा माळ आहे. तेथील क्रॅनमियर पूल या आडजागी १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. तेथवर चालत पोचलेल्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकायचे. पुढे लोक स्वतःचाच पत्ता घातलेली पत्रे तेथे ठेवू लागले. मागून येणाऱ्याने ती उचलून टपालात टाकायची. म्हणून ही पत्रपेटी! आता अशा डब्यात एक वही आणि रबरी शिक्का असतो. शोधणारा आपला शिक्का त्या वहीत उमटवतो आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत. २००० सालापासून उपग्रहाच्या मदतीने डबे शोधण्याचा खेळही निघाला. लेटरबॉक्सिंगची भिस्त मात्र लेखी खुणांवरच राहिली.

म्हैसूरला टपालाचे कौतुक जुनेच. सतराव्या शतकात चिक्कदेवराज वोडेयर यांनी राज्याची ‘अंचे’ म्हणजे टपालव्यवस्था उभारली. १८८९ मध्ये ती ब्रिटिश टपाल खात्यात विलीन झाली, पण कानडीत टपालाला आजही अंचेच म्हणतात.

तरीही डार्टमूरची नक्कल येथे जशीच्या तशी करू नये. चामुंडीचा उतार राखीव जंगलाचा आहे. तेथे डबा लपवला तर माकडे तो पळवतील, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून धावपळ उडेल. तेव्हा खुणा टेकडीवरच्या आणि डबा मुक्कामाच्या खोलीत, अशी वाटणी करावी. प्रत्येक खुणेच्या उत्तराचे पहिले अक्षर घ्यायचे. अक्षरे जोडली की डब्याची जागा कळते.

खूण लिहिणे हे खरे कसब. ‘नंदीपाशी जा’ ही खूण नव्हे, तो पत्ता झाला. ‘एका दगडातून घडला, साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ बसून आहे, गळ्यात घंटा आहेत पण वाजत नाहीत’ असे लिहिले की मूल थांबून विचार करते. (हा नंदी दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळातला, १६६४ चा.) टेकडीला सुमारे एक हजार पायऱ्या आहेत. नंदीपर्यंतच्या मोजायला सांगा. दोन भावंडांचे आकडे जुळत नाहीत आणि उतरताना मोजणी पुन्हा होते! नंदीपर्यंत मोटारही जाते. गुडघे दुखणाऱ्या आजीने तेथे आधी पोचावे आणि पुढची चिठ्ठी तिच्याच हातून मिळावी. म्हणजे ती केवळ सोबत आलेली राहत नाही, तिच्याशिवाय खेळच अडतो.

डब्यासाठी खर्च नाही. घरातला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, चाळीस पानी वही आणि खोडरबरावर कोरलेला शिक्का पुरे. कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे. तेही नको असेल तर भेंडी कापून तिचा ठसा घ्यावा. डब्यात आजोबांनी नातवंडांना लिहिलेले चार ओळींचे पत्रही असू द्यावे. आजोबांचे अक्षर कसे आहे, हे ठाऊक नसलेली नातवंडे आज घरोघरी आहेत.

दुसऱ्या दिवशी बाजू बदला. मुलांनी खुणा लिहाव्यात आणि मोठ्यांनी शोधावे. ‘तिकडे एक झाड आहे’ एवढ्याने भागत नाही, हे मुलांना तेव्हाच उमगते. झाड वडाचे की चिंचेचे, डावीकडे म्हणजे कोणत्या बाजूला तोंड करून, उन्हे कुठून येतात, हे सारे पाहावे लागते. शोधणारा जागेवर पोचतो. लिहिणाऱ्याला ती जागा बारकाईने बघावी लागते. वीस फोटो काढूनही जे नजरेतून निसटते, ते एका चिठ्ठीसाठी टिपले जाते.

आणि डार्टमूरची ती जुनी रीत विसरू नका. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने स्वतःच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड लिहावे आणि म्हैसूरच्या टपालपेटीत टाकावे. बॅगा रिकाम्या होतील, शाळा सुरू होईल, पण सहलीतले एक पत्र अजून वाटेत असेल.