बाबूराव आपटे आहे, पण परकार कुठाय?

‘हेराफेरी’ आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा पिक्चर, २००० सालचा. तरी हॉस्टेलमध्ये तो पाठ नसलेला माणूस सापडायचा नाही! गोष्ट मुळात मल्याळी, १९८९ च्या ‘रामजी राव स्पीकिंग’ची. प्रियदर्शनने हिंदीत आणताना घरमालक मराठी केला, बाबूराव गणपतराव आपटे. काम केलं परेश रावलने, जो गुजराती. ‘वेलकम’ (२००७) मध्ये आपला मुरुड-जंजिऱ्याचा नाना पाटेकर उदय शेट्टी झाला. मला याचं काही वाटत नाही. कोण कोणाचं काम करतं याने फरक पडत नाही. मुळात पात्र कोणाचं लिहिलं जातं, तिथे खरी गोम आहे.

मी दाभोळची. (“म्हणजे एन्रॉन ना?” असं हमखास विचारतात. तो प्रकल्प खाडीपलीकडे अंजनवेलला, गुहागर तालुक्यात. आम्ही दापोली तालुक्यातले!) आमच्याकडे आदिलशाहीतली मशीद आहे आणि आम्हा मुसलमानांच्या घरात बोलली जाते ती कोकणी, म्हणजे मराठीचीच बोली. आडनावं परकार, मुकादम, दळवी. हिंदी मी टीव्हीवर शिकले.

पिक्चरमधला मुसलमान भाई मात्र बघा. आडनाव खान नाहीतर पठाण, डोळ्यांत सुरमा, तोंडी सारखं ‘जनाब’. आणि गंमत म्हणजे ज्या डॉनवरून इतके पिक्चर निघाले, त्या दाऊद कासकरचं मूळ गाव मुंबके, आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात. वडील मुंबई पोलिसांत हवालदार. ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’ (२०१०) मध्ये पोलीस बाप तसाच ठेवला, पण पोरगा झाला शोएब खान. कासकरमधलं कोकण गेलं. बरंच झालं, बदनामी वाचली, असं तुम्ही म्हणाल. खरंय, डॉन आमचा म्हणून मिरवायची हौस कोणालाच नाही.

पण कॉमेडीचं वेगळं असतं ना! सिरियस पिक्चरमधला भाई गोळी खाऊन मरतो, कॉमेडीतल्या भाईला घर असतं. मुन्नाभाई (२००३) आईबापाला डॉक्टर असल्याची थाप मारतो, उदय शेट्टी बहिणीच्या लग्नासाठी वणवण करतो, मजनूभाई भयानक चित्रं काढतो. हसता हसता ही माणसं आपल्या ओळखीची होतात. त्यांच्यात तांदळाची भाकरी खाणारा, आईशी मराठीत भांडणारा एखादा परकार का नाही?

तो नसल्यामुळे काय होतं ते मी दर सेमिस्टरला ऐकते. “अगं, तुझं मराठी किती छान गं!” प्रेमानेच म्हणतात, राग नाही. पण माझ्या चिपळूणच्या रूम पार्टनरला हे कोणी म्हणत नाही. चिपळूणजवळच्याच मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६५ मध्ये ‘इंधन’ ही कादंबरी मराठीत लिहिली, त्यांनाही लोक असंच म्हणत असतील का?

हिंदीवाल्यांचं सोडा, त्यांना कोकण म्हणजे गोव्याच्या वाटेवरचा घाट. पण मराठीवाल्यांचं काय? ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू नावाचा गुंड बाहुल्यात शिरतो, एवढी आपली कल्पनाशक्ती! तिला घरी मराठी बोलणारा मुसलमान जड का जावा?

यंदा गॅदरिंगला डॉनवर स्किट बसतंय म्हणे. भाईचं काम मला द्या, मी करते. फक्त डायलॉग आमच्या घरच्या बोलीत असतील आणि ‘जनाब’ एकदाही म्हणणार नाही.