घरचं वर्कशॉप : सेन्सर खोटं बोलतो तेव्हा

इंदूर, बडोदा किंवा बेळगावात बॅटरीला ऊब द्यायची वेळ येत नाही. पण सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटरी बसवलेली गाडी घेऊन हिवाळ्यात लडाखला निघालात, तर ती येते. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अशा थंडीत वीज देते, पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते. तसं केलं तर आतल्या ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर बसतो, क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

म्हणून हौशी मंडळी बॅटरीखाली हीटिंग पॅड लावतात. सेन्सर तापमान सांगतो, कंट्रोलर 5 अंशांवर पॅड चालू करतो आणि 10-12 अंशांवर बंद करतो. काम सोपं आहे, पण सगळी भिस्त त्या दोन तारांच्या सेन्सरवर असते.

बहुतेक स्वस्त कंट्रोलरबरोबर 10 हजार ओहमचा एनटीसी थर्मिस्टर येतो. थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो. त्यामुळे तार तुटली की रोध अनंत होतो आणि साध्या कंट्रोलरला वाटतं, भयंकर थंडी पडली आहे! पॅड चालूच राहतो आणि बॅटरी भाजते. उलट तारा एकमेकींना चिकटल्या किंवा जोडात ओल शिरली, तर रोध कमी दिसतो. कंट्रोलर उकाडा समजून पॅड लावतच नाही. पहिल्या बिघाडात आगीची भीती असते, दुसऱ्यात गारठलेली बॅटरी चार्ज होण्याची.

आकड्यावर शंका आली तर लगेच नवा सेन्सर मागवू नका. आधी दोष कुठे आहे ते ठरवा.

पॅडचा आणि कंट्रोलरचा पुरवठा बंद करा, सेन्सर कंट्रोलरमधून काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवा. 25 अंशांना 10 हजारांच्या आसपास आकडा यायला हवा. सेन्सरचं टोक चिमटीत धरलं की तो सावकाश उतरायला हवा. मग पेल्यात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन ढवळा आणि टोक त्यात पाच मिनिटं धरा. टोक जलरोधक नसेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. हे झालं घरबसल्या शून्य अंश. बीटा 3950 प्रकारच्या थर्मिस्टरला इथे साधारण 32 ते 34 हजार ओहम दिसतात.

आता मीटर लावलेलाच ठेवून तार टोकापासून प्लगपर्यंत हलवत जा. आकडा जिथे उडी मारतो तिथे तार तुटलेली आहे. गाडीच्या हादऱ्यांनी पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड हमखास सैल होतात. तिथे सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी चढवा.

सेन्सर ठीक निघाला, तर त्याच्या जागी 10 हजार ओहमचा साधा रेझिस्टर लावून कंट्रोलर सुरू करा. पडद्यावर 25 अंशांच्या जवळपास आकडा आला, तर कंट्रोलर निर्दोष आहे. काही रुपयांत निकाल लागतो.

दोन्ही चांगले असूनही गरमपणाचा मेळ बसत नसेल, तर सेन्सरची जागा तपासा. तो पॅडला चिकटून असेल तर पॅडचीच ऊब मोजतो आणि सेल गार असतानाच हीटर बंद होतो. टेप सुटून तो बाहेर लोंबत असेल तर बाहेरची थंडी मोजतो आणि हीटर थांबत नाही. त्याची योग्य जागा सेलच्या अंगावर, पॅडपासून लांब. वरून फोमचा तुकडा लावावा.

एवढं करूनही एकाच सेन्सरवर विसंबू नका. घरच्या गीझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय वेगळा थर्मल कटआउट असतो, तो उगीच नाही. पॅडच्या तारेत मालिकेत 50 अंशांच्या आसपास उघडणारा बायमेटल स्विच बसवा आणि तो पॅडलाच चिकटवा. बॅटरीजवळ योग्य फ्यूजही हवाच.

निघण्यापूर्वी घरच्या टेबलावर शेवटची परीक्षा घ्या. पॅड बॅटरीपासून सुटा करून सगळं चालू करा आणि सेन्सरचा प्लग उपसा. पॅड बंद झाला पाहिजे. तो तापतच राहिला, तर तो कंट्रोलर प्रवासाला नेऊ नका. सेन्सर तुटल्यावर हीटर बंद करणारा दुसरा घ्या. दहा मिनिटांची ही परीक्षा आहे, आणि गाडीत रात्री तुम्ही त्याच बॅटरीशेजारी झोपणार आहात.