मिनिटाला तीस शब्द आणि तीन हजार नोटिसा

राज्य शासनाच्या सेवेत लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागते. टाइपरायटर कार्यालयांतून हद्दपार झाला, त्याच्या जागी संगणकावरील टंकलेखनाचे शासकीय अभ्यासक्रम आले, तरी वेगाची ही अट टिकून आहे. मात्र एकच नोटीस तीन हजार नावांवर काढायची असेल तर ती तीन हजार वेळा न टंकता कशी काढावी, हे ही परीक्षा विचारत नाही. कार्यालयीन कामाच्या स्वयंचलनाची सारी चर्चा खरे तर या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

२०२५ मध्ये राज्य शासनाने आधी १०० आणि नंतर १५० दिवसांचे कार्यक्रम हाती घेतले. ई-ऑफिस, कार्यालयांची संकेतस्थळे, माहितीफलक यांवर त्यांत भर होता. हे स्वागतार्हच आहे. तथापि, ठाणे पूर्वेच्या कोपरीत राहणाऱ्या नागरिकाचा शासनाशी संबंध येतो तो फलकांतून नव्हे, तर कागदांतून. मालमत्ता कराचे देयक, प्रभाग समितीचे पत्र, उपनिबंधकांकडून सोसायटीला आलेली विचारणा, तलाठ्याकडील उतारा. यांतील बहुतेक कागद साच्याचे असतात. मजकूर तोच, बदलते ते नाव, घर क्रमांक आणि रक्कम.

असा कागद तयार करण्याची सोय वर्डमध्ये ‘मेल मर्ज’ या नावाने आणि एक्सेलमध्ये ‘मॅक्रो’च्या रूपाने गेली तीसेक वर्षे उपलब्ध आहे. एका बाजूला नमुना पत्र, दुसऱ्या बाजूला नावांचा तक्ता आणि मध्ये पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट, एवढेच त्याचे भांडवल. कोपरीसारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदारही महिन्याची देयके अशी काढू शकतो. मग सरकारी कार्यालयांत ही रीत का रुजली नाही?

या भागाला तर या बाबतीत मागासलेला म्हणण्याची सोय नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ई-गव्हर्नन्सचा प्रयोग केला. नागरी सुविधा केंद्रात अर्ज द्यायचा, तो संगणकावर नोंदला जायचा आणि पुढे कोणत्या टेबलावर अडला हे दिसायचे. हे प्रारूप पुढे राज्यातील अन्य नगरपालिकांतही नेण्यात आले. पण ही मोठी प्रणाली होती, खासगी कंपनीने विकसित केलेली. जे काम प्रणालीत बसले ते झाले. जे बसले नाही, आणि कार्यालयात असे काम नेहमीच निम्म्याहून कमी नसते, ते पुन्हा कारकुनाच्या टंकलेखनावर येऊन पडले. मोठ्या प्रणालीत छोटा बदल करायचा तर मागणीपत्र, अंदाजपत्रक, मंजुरी असा प्रवास करावा लागतो. पंधरा ओळींच्या स्क्रिप्टसाठी निविदा काढत नाहीत, म्हणून ती लिहिलीच जात नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि ती आपल्या लिपीची आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. शासनाचा कारभार मराठीत चालावा हे त्याचे उद्दिष्ट योग्यच. परंतु संगणक कार्यालयांत आले तेव्हा मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकला गेला. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली होती. पडद्यावर ‘ठाणे’ दिसे, आत मात्र रोमन चिन्हांची निरर्थक माळ साठवलेली असे. ती ना नीट शोधता येत होती, ना अकारविल्हे लावता येत होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती घरगुती संगणकावरही वापरता येऊ लागली. तरीही जुन्या फॉन्टची सवय कार्यालयांतून लवकर गेली नाही. त्या काळातील फायली युनिकोडमध्ये आणताना पहिली गडबड ऱ्हस्व वेलांटीची होते: जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर.

युनिकोड आले म्हणजे सारे सुरळीत झाले, असेही नाही. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कुऱ्हाडे’ या आडनावांतील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण स्क्रिप्टच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे असतात. कर भरलेल्यांची यादी एका पद्धतीने आणि थकबाकीदारांची दुसऱ्या पद्धतीने टंकलेली असेल, तर कर भरलेल्या गृहस्थाच्या दारी नोटीस जाऊ शकते आणि कारकुनाला चूक शोधूनही सापडणार नाही. एक्सेलचा आगाऊपणा याहून प्रसिद्ध आहे. सर्व्हे क्रमांक १२, हिस्सा ३ हे कोणी 12/3 असे टंकले की एक्सेल त्याची १२ मार्च ही तारीख करून टाकते. याच खोडीपायी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावेच बदलली. आपल्याकडे सर्व्हे क्रमांक बदलण्याची सोय नाही.

याद्या जुळवण्याची किंमत राज्याने मोजली आहे ती २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत. ऑनलाइन अर्ज एकीकडे, बँकांनी भरून दिलेले लांबलचक तक्ते दुसरीकडे. दोन्हींचा मेळ घालताना घोळ झाला आणि दिवाळीत प्रमाणपत्रे वाटूनही अनेकांच्या खात्यात पैसे वेळेत पोहोचले नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच मागितले नाहीत. बँकांच्या याद्या आणि आधार प्रमाणीकरण यांवर भिस्त ठेवली. पहिल्या वेळी नावे जुळवण्यात वेळ गेला, दुसऱ्या वेळी क्रमांक जुळवले. यंत्र तेच होते, फरक त्याला काय खाऊ घातले याचा होता.

हे केवळ आपल्याकडेच घडते, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत करोनाबाधितांच्या जवळपास १६ हजार नोंदी अहवालातून गळाल्या, कारण माहिती ज्या जुन्या एक्सेल नमुन्यात ओतली जात होती त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नव्हत्या. काम आपोआप होत होते, म्हणून कोणी पाहत नव्हते.

येथे खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा येतो. हाताने लिहिलेल्या पत्रावर कारकुनाची आद्याक्षरे असतात, टिप्पणीवर वरिष्ठांचा शेरा असतो. स्क्रिप्टवर कोणाची सही? बहुधा ती एखाद्या हौशी कर्मचाऱ्याने स्वतःच्या संगणकावर लिहिलेली असते. राज्यात बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. तो गेला की मागे उरते एक फाइल, जी उघडता येते पण समजत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवा वेळेत न दिल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो; पण कायद्याची नजर मुख्यतः विलंबावर आणि नकारावर आहे. वेळेत आणि चुकीचे निघालेले पत्र कोणाचे, हे ठरवायचे तर ती स्क्रिप्टही फायलीत, टिप्पणीसह आणि मंजुरीसह ठेवावी लागेल. त्यात काहीच अशक्य नाही. अर्थात, स्वयंचलनाने नोकऱ्या जातील ही कर्मचाऱ्यांची भीतीही पोकळ म्हणता येत नाही. रिक्त पदे न भरण्यासाठी संगणकाचे निमित्त यापूर्वीही पुढे झाले आहे.

कोपरीकरांना अडथळ्याचे गणित वेगळे समजावून सांगायला नको. पूर्व द्रुतगती महामार्ग आठ पदरी, पण कोपरीचा रेल्वे पूल चार पदरी, त्यामुळे २०२३ मध्ये रुंदीकरण पूर्ण होईपर्यंत कोंडी पुलाच्या तोंडाशी होत असे. कार्यालयांतील हा पूल शोधायचा तर शासन निर्णयांकडेच पाहावे. प्रत्येक निर्णयाला संगणकीय संकेतांक असतो, त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. पण त्याला जोडलेले प्रपत्र पुष्कळदा स्कॅन केलेले, म्हणजे चित्ररूप असते. ते जिल्ह्यात येते, तालुक्यात जाते, प्रभाग कार्यालयात पोहोचते आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्यातील रकाने पुन्हा पहिल्यापासून टंकतो, मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने.