सहल आणि सहवास

पाश्चात्त्य देशांतील चर्चमंडळे गरीब देशांतील गावांशी 'भागीदारी' जोडतात आणि आपल्या सभासदांना तेथील जीवनाच्या अनुभवासाठी आठ-पंधरा दिवस पाठवितात. हेतूविषयी शंका नको. पण या भागीदारीत निर्णय कोणाचा?

व्हेरिअर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह ते मंडला जिल्ह्यातील करंजियास गोंडांत राहावयास गेले. गोंडांना ख्रिस्ती करण्यास त्यांनी नकार दिला, नागपूरच्या बिशपांशी मतभेद झाले आणि १९३५ साली त्यांनी चर्चच सोडले. सहवासाने बदलला तो पाहुणा. तरीही १९४९ च्या घटस्फोटानंतर त्यांची गोंड पत्नी कोसी मागेच राहिली. वर्षानुवर्षांच्या सहवासाचाही हिशेब असा अपुरा राहतो; मग पंधरवड्याच्या सहलीचे काय?

हा प्रश्न केवळ चर्चला विचारून आपली सुटका नाही. आलापल्लीच्या सागवनातून हेमलकशाकडे जाणारे आपले शहरी शिबिरार्थीही माडियांची छायाचित्रे घेऊन परततात. माडियांना काय हवे, हे विचारावयाचे राहून जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पाहुणा कोणी यावा, किती दिवस राहावा, त्याचा पैसा कोठे खर्च व्हावा, हेही तिनेच ठरवावे आणि हिशेब तिच्यापुढे वाचला जावा. ज्या यजमानाला 'येऊ नका' म्हणता येत नाही, त्याच्याशी भागीदारी संभवत नाही.